तारेतला दोष

यंदा दिवाळीला तीन आठवडे उरले असताना आमच्या धाराशिवच्या घरातली एक निळी तार आजारी पडली. खाली ओसरीच्या भिंतीवर राउटर टांगलेला आहे. तेथून ही तार निघते, भिंतीच्या कडेकडेने वर चढते आणि माडीवर माझ्या पुतणीच्या संगणकाला जाऊन मिळते. पुतणी पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला आहे. पण माझे थोरले बंधू गेल्यापासून वहिनींना एकटे ठेवणे तिच्या जिवावर येऊ लागले. वहिनींचे गुडघे धरलेले. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचे मन रमेना. तेव्हा गेली दोन वर्षे मुलगी घरी राहूनच काम करते. तार चालू असली की तिची कचेरी माडीवर उघडते आणि तार बंद पडली की कचेरीही बंद.

आता ही तार धड चालेना आणि धड बंदही पडेना. सकाळभर अगदी सुरळीत. दुपारी मात्र एकाएकी दहा सेकंद, कधी मिनिटभर ती मुकी होई आणि पुन्हा आपोआप बोलू लागे. सभा चालू असताना पुतणीचा चेहरा पलीकडच्यांच्या पडद्यावर गोठून जाई. दोन आठवडे असे गेल्यावर तिच्या वरिष्ठांनी फार सौम्य शब्दांत कळवले, की दिवाळीनंतरही हेच चालले तर पुण्याला येऊन बसावे लागेल.

"भावजी, तारेला कुणाची नजर तर लागली नाही ना?" वहिनींनी मला विचारले. त्या हसत होत्या, पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

मी इतिहासाचा सेवानिवृत्त शिक्षक. संगणकाच्या बाबतीत माझे ज्ञान ते काय असणार! परंतु माझे थोरले मामा तारखात्यात लाइनमन होते. तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यावर खांबांच्या रांगेखालून त्यांनी उभी हयात पायपीट केली. ते म्हणत, "तुटलेली तार आंधळ्यालाही सापडते रे, मधूनमधून तुटणारी शोधताना डोळसही आंधळा होतो." लहानपणी या वाक्याचा अर्थ मला कळला नव्हता. तो यंदा कळला, आणि तो नीट कळावा म्हणून मी जुन्या तारांचा इतिहास पुन्हा चाळला. त्यातले काही आज वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या देशात विजेच्या तारेची कथा कलकत्त्यास सुरू होते. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात विल्यम ओशॉनेसी नावाचे एक डॉक्टर रसायनशास्त्र शिकवीत. १८३९ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्यांनी कलकत्त्याजवळ एकवीस मैल लांबीची तार उभारून तिच्यातून संदेश पाठवून दाखवला. त्यातला सात हजार फूट मार्ग तर नदीच्या पाण्यातून होता. सरकारने त्या वेळी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. तिच्या उभारणीत ओशॉनेसींचा उजवा हात म्हणजे शिवचंद्र नंदी हे बंगाली गृहस्थ. साहेबाच्या नावाचा बोलबाला झाला. पण उन्हापावसात उभे राहून ज्यांनी तार ओढली, त्यांत नंदींचे नाव पहिले घ्यावे लागेल.

मग लॉर्ड डलहौसीच्या आज्ञेने काम वाऱ्यासारखे सुटले. १८५४ च्या मार्चमध्ये आग्र्याचा संदेश कलकत्त्यास पोहोचला, लवकरच मुंबई आणि मद्रास या साखळीत आली, आणि १८५५ च्या फेब्रुवारीपासून सर्वसामान्य माणसाला पैसे भरून तार करता येऊ लागली. ज्या बातमीला टपालाच्या घोड्यावर आठवडे लागत, ती काही तासांत जाऊ लागली.

परंतु तार उभारणे निराळे आणि ती चालती ठेवणे निराळे. इंग्लंडातील खांब आणि हिंदुस्थानातील खांब यांत महदंतर होते. येथे वाळवी लाकूड खाई, वळवाचे वादळ खांब आडवे करी, माकडे तारेवर झोके घेत. म्हणून ओशॉनेसींनी प्रारंभी नाजूक तारेऐवजी चांगली जाड लोखंडी सळईच वापरली. तरीही दोष यायचे ते येतच राहिले आणि त्यांच्यामागे धावणाऱ्या माणसांची एक नवी जात देशात जन्माला आली.

या माणसांनी तारेच्या दुखण्यांची जी वर्गवारी केली, ती मला फार आवडते. दोष तीनच. पहिला, तार तुटणे. दुसरा, तार जमिनीला लागणे, म्हणजे ओल्या फांदीतून किंवा फुटक्या चिनी मातीच्या चिमणीतून वीज वाटेतच मातीत झिरपून जाणे. तिसरा, दोन तारा एकमेकींना लागणे, म्हणजे एकीचे बोलणे दुसरीत ऐकू येणे. आणि या प्रत्येकाच्या तीन अवस्था: पूर्ण, अर्धवट आणि येऊन-जाऊन. पूर्ण दोष सापडायला सोपा, अर्धवट दोष मोजमापाने सापडतो. येऊन-जाऊन असलेला दोष मात्र आपण शोधायला लागलो की नाहीसा होतो. नाडी पाहायला वैद्य आला की ज्वर उतरावा, तसलाच हा प्रकार.

मग तो शोधावा कसा? याचे उत्तर देणारा एक प्रसंग आपल्या इतिहासात आहे. तो दुःखद आहे आणि आपल्या घरगुती अडचणीशी त्याची तुलना करणे मला शोभणार नाही. पण रीत शिकावी ती तेथेच.

दिवस १० मे १८५७, रविवार. दिल्लीच्या तार-कचेरीत टॉड नावाचा अधिकारी आणि ब्रेंडिश व पिल्किंग्टन हे दोन तरुण तारबाबू होते. सायंकाळच्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की मीरतची तार मुकी झाली आहे. दिल्लीहून मीरतकडे जाणारी तार यमुनेच्या पात्रातून जाई. पाण्यातली तार म्हणजे नेहमीची दुखरी जागा. तेव्हा तीच बिघडली असणार, असे सर्वांनी गृहीत धरले. तरी त्यांनी एक गोष्ट केली. दोघे तरुण नदी ओलांडून पलीकडच्या काठावर गेले, तेथे तार येऊन मिळत होती त्या ठिकाणी त्यांनी यंत्र जोडले आणि आधी मागे, दिल्लीकडे, हाक दिली. दिल्लीने ओ दिली! मग पुढे, मीरतकडे, हाक दिली. तिकडून काहीच उत्तर आले नाही.

झाले. एका क्षणात निम्मा मार्ग निर्दोष ठरला. जिच्यावर सर्वांचा संशय होता ती नदीतली तार ठणठणीत होती आणि दोष पलीकडे, मीरतच्या बाजूला होता. तो काय होता हे आज आपल्याला ठाऊक आहे: मीरतेस शिपाई उठले होते आणि तार तोडली गेली होती. तार इंग्रजांची होती, तोडणारे आपले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉड स्वतः तार तपासायला निघाला. तो परत आला नाही. दोघा तरुणांनी दिल्लीत चाललेल्या धामधुमीची खबर अंबाल्यास तारेने कळवली, आणि तेथून ती पंजाबभर गेली. पुढे १९४२ मध्ये साताऱ्याकडच्या भूमिगतांनी तारा तोडल्या, त्यांच्याही मनात हेच गणित होते. सत्तेचा आवाज तारेतून जातो, हे लोकांनी ओळखले होते.

इतिहासकार या प्रसंगातून राजकारणाचा धडा घेतात. मामांसारखा लाइनमन निराळा धडा घेईल. संशय कोणावर आहे ते बाजूला ठेवा. तारेच्या मध्यावर उभे राहा. एकदा मागे हाक द्या, एकदा पुढे. जी बाजू ओ देईल ती सोडून द्या. उरलेल्या बाजूचे पुन्हा दोन भाग करा. शंभर मैलांची तार असली तरी सात वेळा असे केले की दोष एका मैलाच्या आत सापडलाच पाहिजे.

मध्यावर जाणे शक्यच नसेल, समजा तार समुद्राच्या तळाशी असेल, तर काय करावे? तेव्हा गणित मदतीला आले. तारेची लांबी जितकी जास्त तितका विजेला होणारा अडथळा जास्त, हे ठाऊक होते. इंग्लंडात व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये अडथळा मोजण्याची एक युक्ती प्रसिद्धीस आणली; तिचे मूळ जनक ख्रिस्टी नावाचे दुसरेच गृहस्थ. सदोष तार आणि तिच्या शेजारची एक चांगली तार पलीकडच्या टोकाला एकत्र जोडायची, इकडे बसून दोहोंकडचा अडथळा तराजूप्रमाणे तोलायचा, आणि दोष किती मैलांवर आहे हे खुर्चीवरून न उठता सांगायचे! दुरुस्तीचे गलबत नेमके तेथेच नांगर टाकी.

ज्यांनी मोजण्याऐवजी जोर लावला, त्यांचे काय झाले तेही पाहा. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागरातून इंग्लंड-अमेरिका तार जोडली गेली. राणीचा ९८ शब्दांचा संदेश जायला सोळा तास लागले. तार अशक्त होती. तेव्हा व्हाइटहाउस या अधिकाऱ्याने तिला सुमारे २००० व्होल्टचे धक्के दिले. आजाऱ्याला चाबकाने उठवावे तशातला हा उपाय! महिनाभरातच तार कायमची मुकी झाली. आपल्याकडे येणारी तांबड्या समुद्रातली तारही १८६० मध्ये कराचीपर्यंत पोहोचली खरी, पण आरंभापासून अंतापर्यंत ती कधी नीट चाललीच नाही. इंग्लंडहून मुंबईपर्यंत भरवशाची समुद्री तार यायला १८७० साल उजाडावे लागले. मधल्या बारा वर्षांत माणसे एवढेच शिकली, की तार मुकी झाली तर आधी मोजावे, मग हात लावावा.

आता आमच्या निळ्या तारेकडे येऊ. तिच्या पोटात आठ बारीक तांब्याच्या तारा आहेत, दोन-दोन मिळून चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी वेणीसारखी पिळलेली. ही पिळण्याची कल्पना टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांची. १८८१ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. शेजारच्या तारांतला गोंगाट टेलिफोनात शिरे, म्हणून ही युक्ती. दोन तारा पिळल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो. ऐकणारा दोघींमधला फरक तेवढा ऐकतो, आणि सारखा गोंगाट आपोआप वजा होतो. तार-कचेरीतला तिसरा दोष, एकीचे बोलणे दुसरीत ऐकू येण्याचा, त्यावर हा उतारा होता.

संगणक तारेने जोडण्याची आजची पद्धत अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात निघाली. २२ मे १९७३ रोजी रॉबर्ट मेटकाफ यांनी एका टिपणात तिला 'ईथरनेट' हे नाव दिले. प्रकाश ज्यातून वाहतो असे एकोणिसाव्या शतकात मानत, त्या काल्पनिक 'ईथर'वरून हे नाव आले. प्रारंभी एकच जाड तार सर्व संगणकांजवळून जाई. पुढे ती बारीक झाली. पण एका टेबलामागची एक जोडणी सैल झाली की सगळी कचेरी ठप्प! मग तंत्रज्ञ काय करी? तारेच्या मध्यावर जाई, तेथे ती तोडून टोक बंद करी आणि कोणता अर्धा भाग जिवंत होतो ते पाही. यमुनेच्या काठावरची रीतच ती! १९९० मध्ये पिळलेल्या जोड्यांवर ईथरनेट चालवण्याचे मानक ठरले आणि प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार मिळाली. १९९५ मध्ये वेग सेकंदाला दहा कोटी अंशांवर गेला, १९९९ मध्ये तो शंभर कोटींवर. दहा कोटींना चारांपैकी दोन जोड्या पुरतात. शंभर कोटींना चारही लागतात. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण आमच्या घरचा उलगडा त्यातच होता.

माझी पहिली चूक दिल्लीकरांसारखीच होती. माझा संशय ठरलेला होता: बाहेरून घरात येणारी लाइन! मी कंपनीला तीनदा फोन करून रागाने बोललो. त्यांचा मुलगा येऊन तपासून गेला. लाइन चांगली आहे म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. मग मामा आठवले आणि मी पुतणीला म्हटले, "आपण मध्यावर उभे राहू."

मध्य म्हणजे आमचा राउटर. एका बाजूला सगळे जग, दुसऱ्या बाजूला माडी. संगणकाला हाक देण्याचीही सोय आहे. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने डिसेंबर १९८३ मध्ये एक चिमुकला प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्याचे नाव 'पिंग' ठेवले. तो दूरच्या यंत्राला सेकंदासेकंदाला हाक देतो आणि ओ यायला किती वेळ लागला ते लिहीत जातो. पुतणीने संगणकाच्या पडद्यावर दोन खिडक्या उघडल्या. एकीतून राउटरला हाक, दुसरीतून बाहेरच्या एका दूरच्या यंत्राला. दुपारी तार मुकी झाली तेव्हा दोन्ही हाका एकदमच अनुत्तरित राहिल्या. त्याच वेळी ओसरीवर वहिनींच्या फोनवर बिनतारी मार्गाने कीर्तन अखंड चालू होते! म्हणजे बाहेरची लाइन निर्दोष, राउटरही जागा. दोष राउटर आणि माडी यांच्यामध्ये, आमच्याच घरात. ज्या कंपनीवर मी रागावलो तिला मनोमन नमस्कार केला.

उरलेल्याचे पुन्हा भाग केले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी घालून दिला. प्रथम राउटरवरचे भोक बदलले: दोष कायम. मग संगणक खाली आणून हातभर लांबीच्या दुसऱ्या तारेने थेट राउटरला जोडला: दोन दुपारी एकही खंड नाही. म्हणजे संगणक निर्दोष, राउटर निर्दोष. राहता राहिली ती निळी तार.

ती टोकापासून टोकापर्यंत धडधाकट दिसत होती. तेव्हा पुतणीने माझ्या सांगण्यावरून वहीत वेळा लिहायला सुरुवात केली. तार कधी मुकी झाली, त्या वेळी घरात काय चालले होते, आणि जोडणीचा वेग काय होता. तीन दिवसांत वही बोलू लागली. सारे खंड दुपारी एक ते चार या वेळेतले. आणि प्रत्येक खंडानंतर वेग शंभर कोटींवरून दहा कोटींवर उतरलेला! म्हणजे चार जोड्यांपैकी एखादी जोडी जात होती, आणि यंत्रे हार खाऊन दोन जोड्यांवर काम भागवत होती.

"काका," पुतणी वहीवरून नजर न काढता म्हणाली, "दुपारी एकला आई काय करते?"

आश्विनातले ऊन आमच्याकडे कडक. दुपारी एकला वहिनी जेवण आटोपून माडीखालच्या खोलीची खिडकी लोटतात आणि चारला उघडतात. आम्ही दोघेही तेथे गेलो. निळी तार त्या खिडकीच्या चौकटीतून जात होती; लाकडी फळी लोटली की ती बरोबर तिच्यावर दाबली जाई, आणि वाऱ्याने फळी हलली की दाब कमीजास्त होई. तारेवर नखाएवढा चपटा व्रण होता.

पण ती तार चौकटीत आली कशी? पूर्वी ती भिंतीवरच्या खिळ्यांतून जात असे. मग मला आठवले. नवरात्रानंतर रंगारी आला होता. भिंत मोकळी हवी म्हणाला, तेव्हा "तार काढून खिडकीतून घे" असे त्याला सांगणारा मीच होतो. ज्या दोषासाठी मी साऱ्या जगाला दोष दिला, तो माझ्याच तोंडच्या एका वाक्यातून निघाला होता.

व्रण पडलेल्या तारेला गाठ मारून भागत नाही. आम्ही नवी तार आणली, भिंतीला भोक पाडून तिला स्वतंत्र वाट दिली आणि कोठेही तिला काटकोनात मुरगळले नाही. त्या दुपारी वहिनींनी एकला खिडकी लोटली. आम्ही तिघेही पडद्याकडे पाहत बसलो. पिंगच्या ओळीवर ओळी उतरत राहिल्या; एकही चुकली नाही. चारला वहिनींनी खिडकी उघडली आणि काही न बोलता फराळाच्या तयारीला गेल्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून चकलीच्या भाजणीचा वास आला. गेले दोन आठवडे त्यांनी भाजणीचे नावही काढले नव्हते.

ज्या तारखात्यात मामांची हयात गेली, त्याची तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. गावाचे नावही या काळात बदलत गेले. निजामाच्या राज्यात धाराशिवचे उस्मानाबाद झाले होते, २०२३ मध्ये ते पुन्हा अधिकृतपणे धाराशिव झाले. मामांचे खांब आता रस्त्याकडेला दिसत नाहीत. त्यांची रीत मात्र आमच्या माडीवर अजून चालते: मध्यावर उभे राहा, दोन्हीकडे हाक द्या, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वेळा लिहून ठेवा.

पुतणीने ती वही फेकून दिलेली नाही. लक्ष्मीपूजनाला वहिनींनी चोपड्यांशेजारी तिलाही हळदकुंकू वाहिले. मुलीने पुढच्या पानावर दिवाळीनंतरच्या कामाच्या तारखा लिहिल्या आहेत, आणि त्या साऱ्या धाराशिवच्या आहेत.